बालीची सहल आखताना: मुक्काम, वेळा, देवळे आणि ज्वालामुखी

बालीच्या सहली फसतात त्या बहुधा ठिकाणे चुकीची निवडल्यामुळे नव्हे, तर सगळे बेट एकाच हॉटेलातून उरकायच्या हट्टामुळे. नकाशावर बेट लहानसे दिसते: पूर्व-पश्चिम साधारण दीडशे किलोमीटर, उत्तर-दक्षिण शंभराच्या आसपास. पण इथे रेल्वे नाही, रस्ते अरुंद आहेत आणि दिवसभराचा सरासरी वेग ताशी २५ ते ३० किलोमीटरच्या वर क्वचितच जातो. दक्षिणेतल्या किनाऱ्यावर खोली घ्यायची आणि रोज उठून कधी बातूरचा ज्वालामुखी, कधी मुंडुकचे डोंगर, कधी ईशान्येचा आमेद किनारा गाठायचा, असा बेत केला की सुट्टीतले निम्मे दिवस गाडीच्या काचेतून जातात. म्हणून ठिकाणांची यादी करण्याआधी बेटाचा चढउतार समजून घ्यावा. त्यावरून मुक्काम आपोआप ठरतात.

बेटाचा कणा ज्वालामुखींचा

बालीच्या उत्तर भागातून पश्चिमेकडून पूर्वेकडे ज्वालामुखींची रांग गेली आहे. पूर्वेला आगुंग, तीन हजार मीटरहून उंच, बेटावरचे सर्वांत मोठे शिखर. त्याच्या वायव्येला बातूर, १,७१७ मीटर, एका प्रचंड कॅल्डेराच्या, म्हणजे जुना ज्वालामुखी खचून झालेल्या कुंडाच्या, आत उभा. पश्चिमेला बेदुगुलची तळी आणि मुंडुकचे डोंगर. या डोंगरांवरून दक्षिणेकडे उतरणाऱ्या नद्यांनी राखेच्या मऊ खडकात खोल घळी पाडल्या आहेत. गावे आणि रस्ते त्या घळींच्या मधल्या धारेवरून, म्हणजे उत्तर-दक्षिण जातात. वर-खाली जाणे त्यामुळे सोपे आणि आडवे जाणे त्रासाचे. बेटाच्या मधल्या भागातल्या उबुद गावाच्या आसपास नकाशावर आठ किलोमीटरवर दिसणारे ठिकाण गाठायला पाऊण तास लागतो तो यामुळेच: आधी खाली उतरून पूल गाठायचा, मग पलीकडची धार चढायची.

बाली माणूसही दिशा अशाच सांगतो. ‘काजा’ म्हणजे डोंगराकडे, ‘केलोद’ म्हणजे समुद्राकडे. उबुदमध्ये काजा उत्तरेला असते, तर डोंगरापलीकडे उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगराजा शहरात तीच दक्षिणेला. दिवसाचा बेत करायलाही हेच सूत्र उपयोगी आहे. रोज डोंगर ते समुद्र या एकाच रेषेवरची ठिकाणे घ्या, दोन रेषा एका दिवसात ओलांडू नका. आणि उंचावरचे सगळे सकाळी करा. दमट हवा डोंगरावर चढते आणि दुपारपर्यंत ढग जमतात, त्यामुळे बेदुगुलच्या तळ्याकाठचे उलुन दानू मंदिर सकाळी सातला लख्ख दिसते आणि दुपारी दोनला बहुधा धुक्यात असते.

तारखा ठरवताना पाऊस आणि पंचांग, दोन्ही पाहा

कोरडा काळ एप्रिल ते ऑक्टोबर. पाऊस नोव्हेंबर ते मार्च, त्यात जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत ओले. पावसाळ्यात दिवसभर झड लागतेच असे नाही, पण बातूरवरचा सूर्योदय ढगात जातो, धबधबे गढूळ होतात आणि वायव्य वारे कुटा-सेमिन्याकच्या किनाऱ्यावर प्लास्टिकचा कचरा आणून टाकतात. जुलै-ऑगस्ट हवेला उत्तम, पण गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत सोयीचे. आमेद-तुलांबेनचा ईशान्य किनारा पर्जन्यछायेत आहे. ओल्या महिन्यांत जावेच लागले तर तिकडचे दिवस वाढवावेत.

मग पंचांग. इथे मराठी प्रवाशाने विशेष सावध राहावे. बालीतही शक संवत चालतो आणि त्याचा नवा दिवस म्हणजे न्येपी. २०२६ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही १९ मार्चलाच आले आणि दोन्हीकडे शक १९४८ लागला. २०२५ मध्ये न्येपी २९ मार्चला होते, पाडवा ३० ला. मात्र दोन्हीकडचे अधिक मास वेगवेगळे पडतात, तेव्हा काही वर्षी फरक महिन्याच्या घरात जातो. म्हणजे आपल्या कॅलेंडरवरून न्येपीचा अंदाज बांधू नका, इंडोनेशियाच्या सरकारी सुट्ट्यांची यादी पाहा.

हे एवढे महत्त्वाचे का? न्येपीला सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत सगळे बेट बंद असते. विमानतळसुद्धा. रस्त्यावर कोणी दिसायचे नाही, दिवे लावायचे नाहीत, मोबाइल इंटरनेट बंद. ‘पेचालांग’ हे गावरक्षक काळ्या कपड्यांत गस्त घालतात आणि पर्यटकालाही हॉटेलच्या आवारात परत पाठवतात. त्या दिवशी येण्याजाण्याचे विमान नसते, चेक-इनही नसते. पण आदल्या संध्याकाळी गावोगाव ‘ओगोह-ओगोह’ या राक्षसांच्या अवाढव्य प्रतिमांच्या मिरवणुका निघतात, त्या चुकवू नयेत. जमल्यास न्येपीच्या दोन दिवस आधी पोहोचा, आवारात जेवणाची सोय असलेली जागा घ्या, रोख पैसे आदल्या दिवशीच काढून ठेवा. रात्रीचे आकाश त्या एका दिवशी जसे दिसते तसे एरवी बालीत दिसत नाही.

दुसरे पंचांग २१० दिवसांचे आहे, पावुकोन नावाचे. गालुंगान हा सण त्यावर चालतो: २०२६ मध्ये १७ जूनला बुधवारी, आणि दहा दिवसांनी शनिवारी कुनिंगान. या काळात रस्त्याच्या दुतर्फा वाकवलेले सजवलेले बांबू, ‘पेंजोर’, उभे असतात आणि बाली सर्वांत देखणी दिसते. अडचण एवढीच की चालक, वाटाडे, कारागीर सगळे आपापल्या गावी गेलेले असतात. सणाचा दिवस आणि दुसरा दिवस मोकळा ठेवून गावातच फिरावे. प्रत्येक देवळाचा वार्षिकोत्सव, ओडालान, हाही बहुतेक ठिकाणी दर २१० दिवसांनी येतो. तो कुठे आहे ते राहत्या घरच्या यजमानांना विचारा. तिकीट काढून पाहिलेल्या चार देवळांपेक्षा एका गावचा ओडालान जास्त देऊन जातो.

कागदपत्रे आणि रुपिया

भारतीय पारपत्रावर आगमनाचा व्हिसा मिळतो: ५ लाख रुपिया, ३० दिवस, पुढे एकदा आणखी ३० दिवस वाढवता येतो. पारपत्राची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. ऑनलाइन काढायचा तर संकेतस्थळाचा पत्ता ‘इमिग्रासी डॉट गो डॉट आयडी’ असा संपतो का ते पाहा. हुबेहूब दिसणारी आणि जादा पैसे उकळणारी पाने पुष्कळ आहेत. पोहोचण्याचा दिवस पहिला धरला जातो. एक दिवस जास्त राहिलात तर दिवसाला १० लाख रुपिया दंड. निघण्यापूर्वी आगमनाचे ऑनलाइन जाहीरपत्र भरून त्याचा क्यूआर कोड मोबाइलमध्ये साठवून ठेवा.

याखेरीज १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांताचा परदेशी पर्यटक कर आहे, दर माणशी दीड लाख रुपिया, ‘लव्ह बाली’ या सरकारी संकेतस्थळावर भरायचा. व्हिसाचे पैसे वेगळे, हे वेगळे.

पैशांत फसगत होते ती शून्यांमुळे. एक लाखाची नोट लाल आणि दहा हजारांची जांभळट, एवढे तरी डोळ्यांत ठेवा. ‘३५के’ म्हणजे ३५ हजार. किमतीपुढे दोन अधिकचिन्हे असली तर कर आणि सेवाशुल्क वर लागते, मिळून २१ टक्क्यांपर्यंत. गल्लीतला पैसे बदलणारा बाकीच्यांपेक्षा चढा दर देत असेल तर तो मोजताना नोटा सरकवणार असे समजा: पन्नास हजारांच्या गड्ड्या करून मोजायच्या आणि शेवटच्या हातचलाखीत चारपाच मागे पाडायच्या, ही जुनी युक्ती. पैसे शेवटी तुम्ही मोजा, आणि मोजल्यानंतर गड्डी पुन्हा त्याच्या हातात देऊ नका. एटीएम वापरत असाल तर बँकेच्या दारातले वापरा. अनेक यंत्रे आधी पैसे देतात आणि कार्ड नंतर सोडतात. नोटा उचलून चालू पडणाऱ्यांची कार्डे रोज आतच राहतात.

मुक्काम: दहा रात्रींचा आराखडा

दहा रात्री असतील तर उबुद ४, मुंडुक २, आमेद २, सानूर २. क्रम हाच ठेवावा, त्यामागे कारण आहे. उबुद विमानतळापासून साधारण ३७ किलोमीटर, दीड तास धरा, संध्याकाळी दोन. देवळे, नृत्य, खाचरे आणि बातूर इथून जमतात. तिथून जातिलुवीहच्या भातखाचरांवरून मुंडुक. मुंडुकहून उत्तरेला उतरून किनाऱ्याने पूर्वेकडे आमेद, साधारण तीन तासांचा कोरडा, कमी वाहतुकीचा रस्ता. आमेदहून कारांगासेम, चांदीदासा करत सानूर, अडीच तास. शेवटी विमानतळ जवळ. असे फिरल्याने बेटाला एक पूर्ण फेरी होते, एकही रस्ता दोनदा लागत नाही, आणि डोंगर आधी, पाणी नंतर होते. टाकी लावून समुद्रात बुड्या मारणाऱ्यांसाठी हा क्रम सोयीचाच नव्हे, तर सुरक्षिततेचा आहे. ते पुढे येईल.

सातच रात्री असतील तर मुंडुक गाळा आणि उबुदची एक रात्र कमी करा. पाच असतील तर उबुद आणि सानूर, बस्स. आमेद धावतपळत करण्यात अर्थ नाही.

गाडी चालकासह घ्यावी. आठ ते दहा तासांचे साधारण ६ ते ८ लाख रुपिया, पेट्रोल धरून, पार्किंग वेगळे. ठरवताना चार गोष्टी लिहून घ्या: किती तास, जादा तासाचे किती, पेट्रोल कोणाचे, आणि शेवटी सोडायचे कुठे. मुक्काम बदलण्याच्या दिवशी हीच गाडी वाटेतली ठिकाणे दाखवत पुढच्या गावी सोडते, म्हणजे प्रवासाचा दिवस वाया जात नाही. ग्रॅब आणि गोजेक ही टॅक्सीची ॲप दक्षिणेत चांगली चालतात. मात्र काही गावांत स्थानिक चालक त्यांना माणसे उचलू देत नाहीत, आणि मुंडुक-आमेदकडे त्यांचा भरवसा नाही. स्कूटर सगळीकडे भाड्याने मिळते, वाहतूकही आपल्यासारखी डावीकडून, त्यामुळे मोह होतो. दुचाकीचा शिक्का असलेला आंतरराष्ट्रीय परवाना आणि हेल्मेट नसेल तर पोलिसांचा दंड ही लहान बाब. अपघात झाला तर प्रवासविमा हात वर करतो, हे मोठे.

बातूर: पहाटेची चढाई

बातूरची पायथ्याची वस्ती तोया बुंगकाह, बातूर तळ्याच्या काठी, साधारण हजार मीटरवर. म्हणजे प्रत्यक्ष चढ सुमारे ७०० मीटरचा, दोन तासांचा. नेहमी चालणाऱ्याला अवघड नाही. अवघड जाते ती झोप. उबुदहून निघालात तर गाडी रात्री दोन-अडीचला दारात येते. आदल्या रात्री कॅल्डेराच्या काठावरच्या कींतामानीत किंवा तळ्याकाठीच राहिलात तर दीड तास झोप वाढते आणि दुसऱ्या दिवशी माणूस माणसात असतो.

वाटाडे स्थानिक संघटनेचे असतात आणि त्यांच्याशिवाय जाऊ दिले जात नाही. वाद घालण्यात पहाट घालवू नये. साधारण पावणेचार-चारला चालायला सुरुवात होते. पहिला टप्पा कांदा-टोमॅटोच्या शेतांतून जाणारा सौम्य रस्ता. इथे लोक उत्साहाने भराभर चालतात, घामाने भिजतात आणि वर जाऊन कुडकुडतात. हळू चाला, अंगातले जाकीट काढून पिशवीत ठेवा. दुसरा टप्पा खरा: थंड झालेल्या लाव्हाचे खरखरीत दगड आणि त्यांवर सुटी काळी खडी. पाऊल पूर्ण टेकवून, लहान पावलांनी चढावे. वर पहाटे तापमान १० ते १५ अंश असते आणि वारा वेगळा. पोहोचल्याबरोबर भिजलेला सदरा बदला. हे एक काम केले तर पुढचा तासभर आनंदात जातो.

सोबत हवे ते एवढेच: माणशी एक लिटर पाणी, डोक्याला लावायचा दिवा (मोबाइलचा नको, हात मोकळे हवेत), कोरडा सदरा, वारा अडवणारे जाकीट, खाचा असलेल्या तळव्याचे बूट. सूर्योदय वर्षभर साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान. समोर तळे, पलीकडे आबांग आणि आगुंग, आणि निरभ्र असेल तर समुद्रापार लोंबोकचा रिंजानी. काठावरच्या भेगांतून वाफ येते. वाटाडे त्यात अंडी आणि केळी शिजवतात. ती खाताना पिशवीची चेन बंद ठेवा, वर माकडे आहेत.

बहुतेकांचे पाय घसरतात ते उतरताना. उजेड झालेला, मन मोकळे झालेले, आणि खडी बेअरिंगच्या गोळ्यांसारखी पायाखालून सरकते. टाच आधी रोवा, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, पुढच्या माणसात आणि तुमच्यात चार-पाच मीटर अंतर राखा. गुडघे कुरकुरत असतील तर एक काठी मागून घ्या. ज्यांना चढायचेच नाही त्यांच्यासाठी पहाटेची जीप कॅल्डेराच्या काठावर नेते आणि मग १९६३ च्या काळ्या लाव्हाच्या मैदानातून फिरवते. तो कमीपणा नव्हे. ज्येष्ठांसोबत तीच निवड शहाणपणाची. उतरल्यावर तळ्याकाठच्या गरम झऱ्यांत तासभर, आणि मग दिवसाला सुट्टी. त्या दुपारी काहीही ठरवू नका.

जाताना काठावरचे उलुन दानू बातूर मंदिर पाहावे. मूळ देऊळ आणि गाव खाली डोंगराच्या पायथ्याशी होते. १९२६ च्या उद्रेकात लाव्हाने ते गिळले आणि लोकांनी देव उचलून वर आणून वसवले. हे ठाऊक असले की खालचा काळा पट्टा नुसता देखावा राहत नाही.

आगुंगची गोष्ट वेगळी. दक्षिणेकडच्या पासार आगुंग देवळापासून मुखाच्या कडेपर्यंत तीन-चार तास. बेसाकिहकडून खऱ्या माथ्यापर्यंत सहा-सात तास, आणि तेवढेच उतरणे. कोरड्या महिन्यांतच, अनुभवी पायांनीच. बेसाकिहला मोठे विधी असले की चढाई बंद असते.

ज्वालामुखीची स्थिती रोज पाहण्याची सवय लावा. इंडोनेशियाची ज्वालामुखी संस्था चार पातळ्या जाहीर करते: पहिली नॉर्मल, दुसरी वास्पादा, तिसरी सियागा, चौथी आवास. ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या सरकारी ॲपवर ती आणि मुखापासून किती किलोमीटर दूर राहायचे तेही दिसते. दुसऱ्या पातळीला मुखाजवळ न जाण्याची सूचना असते. ‘वाटाड्या म्हणतो चालेल’ हे उत्तर तिथे पुरेसे नाही.

देवळे: मूर्ती शोधू नका

आपल्याकडच्या सवयीने गाभारा आणि मूर्ती शोधत गेलात तर बालीच्या देवळात हाती काही लागत नाही. देऊळ म्हणजे उघडी अंगणे, बहुधा तीन, एकाहून एक पवित्र. सर्वांत आतल्या अंगणात रिकामे आसन असते, ‘पद्मासन’, आणि विषम संख्येच्या छपरांचे ‘मेरू’, जास्तीत जास्त अकरा छपरांचे. देव तिथे कायम राहत नाहीत, उत्सवाला उतरतात. आतले अंगण पूजा करणाऱ्यांसाठीच असते आणि मार्च २०२५ च्या प्रांतीय परिपत्रकाने ते पुन्हा बजावले आहे. आपण हिंदू आहोत म्हणून आत सोडतीलच असे धरून चालू नये. पूजा करायची असेल तर योग्य पोशाखात, पुजाऱ्यांची परवानगी घेऊन, फोटोशिवाय.

पोशाख: कमरेला सारोंग, वर ‘सेलेंडांग’ हा पट्टा, खांदे झाकलेले. पुरुषांनाही तेच. मोठ्या देवळांत भाड्याने मिळते, पण स्वतःची एक जोडी विकत घ्यावी, दहा दिवसांत पैसे वसूल होतात. पाळीच्या काळात, उघडी जखम असताना किंवा घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर प्रवेश नाही. दारावर तसे लिहिलेले असते. पुजारी बसले असताना त्यांच्याहून उंच जागी उभे राहू नका. पूजा करणाऱ्यांच्या समोरून जाऊ नका. रस्त्यावर, पायरीवर ठेवलेल्या पानांच्या छोट्या द्रोणांवर, ‘चानांग सारी’वर, पाय पडणार नाही इतके खाली बघून चाला.

उबुदहून एका सकाळी तांपाकसिरिंगची दोन ठिकाणे होतात. तिर्ता एम्पुल हे झऱ्याचे देऊळ इसवी सन ९६२ मधले. स्नान करायचे असेल तर सात-साडेसातला पोहोचा, नऊनंतर रांग तासाभराची होते आणि पौर्णिमेला त्याहून जास्त. क्रम असा: स्नानाचा वेगळा सारोंग भाड्याने घ्यायचा, कपडे लॉकरमध्ये, नैवेद्य ठेवून नमस्कार, मग कुंडाच्या डाव्या टोकाने उतरून एकेका धारेखाली डोके धरत उजवीकडे सरकायचे. मधल्या दोन धारा मृतांच्या विधींसाठी राखलेल्या आहेत, त्या सोडायच्या. त्या कोणत्या हे पुढच्या बाली माणसाला पाहून कळते. पाणी थंड असते. आत पूर्ण कोरडे कपडे न्या. पाण्यात उभे राहून सेल्फी काढणाऱ्यांकडे लोक ज्या नजरेने पाहतात, ती आपल्या वाट्याला येऊ देऊ नये.

तिथून जवळच गुनुंग कावी: पाकेरिसान नदीच्या घळीत कड्यात कोरलेली अकराव्या शतकातली दहा स्मारके, सात-सात मीटर उंच. लेण्यांची ओढ असलेल्या मराठी माणसाने बालीत एकच प्राचीन ठिकाण पाहायचे तर हे. खाली उतरायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, म्हणजे चढायलाही तेवढ्याच. दहाच्या आत परत वर या.

बेसाकिह हे सर्वांत मोठे देवस्थान आगुंगच्या उतारावर, साधारण हजार मीटरवर. १९६३ मध्ये इथे शंभर वर्षांतून एकदा होणाऱ्या ‘एका दस रुद्र’ (एकादश रुद्र) या विधीची तयारी चालू असतानाच आगुंगचा उद्रेक झाला. हजाराहून जास्त माणसे गेली, पण लाव्हा देवळाच्या बाजूने निघून गेला. सकाळी लवकर जा, तिकीट खिडकीवरच काढा आणि वाटेत ‘आज फक्त माझ्यासोबतच आत जाता येईल’ म्हणणाऱ्याला नम्रपणे ओलांडा.

उलुवातूच्या देवळाचा केचाक नाच संध्याकाळी सहाला, कड्यावर. तिकिटे संपतात, तेव्हा आगाऊ काढा आणि पाचला जागा धरा. सत्तर-ऐंशी पुरुषांच्या ‘चाक-चाक’ घोषात रामायण उलगडते, वाद्य एकही नाही. आजचे रूप १९३० च्या दशकातले. चष्मा, टोपी, कानातले आधीच पिशवीत टाका: तिथली माकडे चष्मा पळवतात आणि खाऊ मिळाल्यावरच सोडतात. मागे धावू नका, कर्मचाऱ्यांना सांगा. उबुदच्या राजवाड्यात संध्याकाळी साडेसातला लेगोंग नृत्य असते. समुद्रातल्या खडकावरचे तानाह लोत मंदिर सूर्यास्ताला इतके भरते की ओहोटीच्या वेळी सकाळी गेलेले बरे. ओहोटीला खडकाच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येते, वर देवळात मात्र जाता येत नाही.

खाचरे आणि धबधबे

तेगालालांगची खाचरे सुंदर आहेत, पण आता तिथे झोपाळे आणि कॅफे जास्त. जातिलुवीहला जा: सुमारे ७०० मीटर उंचीवर सहाशेहून जास्त हेक्टर भातशेती. ‘सुबाक’ ही पाणी वाटून घेण्याची शेतकऱ्यांची व्यवस्था नवव्या शतकापासूनची, आणि २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. हिरवाई पीकचक्रावर अवलंबून आहे. कापणी झाली की महिनाभर चिखल आणि खुंट. जाण्याआधी आठवडाभरातले फोटो पाहा. पायवाटा रंगीत खुणांच्या आहेत, दीड-दोन तासांची निवडा. बांधावर समोरून शेतकरी आला तर आपण बाजूला व्हायचे. बांध ढासळला तर खालच्या खाचराचे पाणी जाते.

धबधब्यांत सेकुम्पुल सर्वांत भव्य, साधारण ८० मीटरचा. शेकडो पायऱ्या, ओढा ओलांडणे, गावचा वाटाड्या घ्यावाच लागतो. पकड असलेल्या सॅंडल घाला, रबरी सपाता नकोत. वरच्या डोंगरात पाऊस दिसत असेल तर कुंडात उतरू नका. पाणी अचानक गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला की लगेच वर चढा, लोंढा मागोमाग येतो. एका दिवशी दोन धबधबे पुरे. तिसऱ्यापर्यंत सगळे सारखे दिसू लागतात.

समुद्र, आणि उंचीचा हिशेब

तुलांबेनला किनाऱ्यापासून जेमतेम ३० मीटरवर ‘लिबर्टी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज बुडालेले आहे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने ते फोडले, ओढून किनाऱ्यावर आणले गेले आणि १९६३ च्या उद्रेकातल्या हादऱ्यांनी ते घसरून पाण्यात गेले. वरचा भाग पाच मीटरवर, तळ तीसच्या आसपास, त्यामुळे नुसता मुखवटा-नळी लावणाऱ्यालाही दिसते. सातच्या आत पाण्यात उतरा, नऊपर्यंत दक्षिणेतून गाड्या येतात. किनारा गोट्यांचा आहे, अनवाणी चालता येत नाही, लाट आली की पाय निसटतो. तळव्याचे पाणबूट घालून, पंख हातात धरून कमरेपर्यंत जा आणि मगच घाला.

टाकी लावून खोल उतरणाऱ्यांसाठी नियम: एका बुडीनंतर निदान १२ तास, एकाहून जास्त बुड्या किंवा सलग दिवस असतील तर १८ तास विमान नको. हे सर्वांना ठाऊक असते. विसरले जाते ते असे की कींतामानीचा रस्ता दीड हजार मीटरवर चढतो. सकाळी तुलांबेनला दोन बुड्या मारून दुपारी कींतामानीमार्गे उबुदला जाणे किंवा दुसऱ्या पहाटे बातूर चढणे म्हणजे शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनशी खेळ: उंचीवर हवेचा दाब घटला की त्याचे बुडबुडे होतात. म्हणून डोंगर आधी आणि आमेद नंतर, आणि आमेदहून परतताना कारांगासेमचा सखल रस्ता.

पश्चिम आणि दक्षिणेचे किनारे लाटांचे आहेत, पोहण्याचे नव्हेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा, नुसता लाल झेंडा असेल तर नाही. ओढ लागली तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडा आणि हात वर करा. लहान मुलांसाठी सानूरचे पाणी शांत.

नुसा पेनिदा या शेजारच्या बेटाला सानूरहून वेगवान बोट ३० ते ४५ मिनिटांत जाते. एका दिवसात जाऊन येणे म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीत बसणे. दोन रात्री देता येत नसतील तर सोडून द्या. गेलात तर केलिंगकिंगचा कडा वरूनच पाहा. खालच्या किनाऱ्याची वाट जवळजवळ उभी आहे आणि तिथले पाणी माणसे ओढून नेते.

शरीर, पोट, कुत्रे

नळाचे पाणी पिऊ नका. शाकाहारींनी ‘तान्पा तेरासी’ (तेरासीशिवाय) म्हणायला शिकावे, कारण भाजीच्या ताटातल्या साम्बाल या मिरचीच्या चटणीतही ‘तेरासी’, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, असतो. तेम्पे (आंबवलेले सोयाबीन), तोफू आणि गादो-गादो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) सगळीकडे मिळतात. अनोळखी ठिकाणची ‘आराक’ ही स्थानिक दारू घेऊ नका, मिथेनॉलच्या भेसळीने बालीत मृत्यू झाले आहेत. २००८ पासून बेटावर रेबीज आहे. कुत्रा किंवा माकड चावले, नुसते ओरखडले तरी, वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात लस सुरू करा. सहल संपल्यावर पाहू, असे म्हणू नका.

परतीच्या दिवशी राख

नोव्हेंबर २०१७ मध्ये आगुंगच्या राखेने विमानतळ बंद पडला. नोव्हेंबर २०२४ आणि २०२५ च्या जून-जुलैत तर बालीतला नव्हे, दूर फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी फुटला आणि बालीची उड्डाणे रद्द झाली. म्हणून परत आल्यावर लगेच महत्त्वाचे काम ठेवू नका, एक दिवस हाताशी ठेवा. पुढची जोडउड्डाणे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळ्या तिकिटांवर पहिले रद्द झाले तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. प्रवासविमा तिकिटासोबतच काढा आणि त्यात ज्वालामुखीची राख लिहिलेली आहे का ते वाचा. उद्रेक बातम्यांत आल्यानंतर काढलेला विमा त्याच उद्रेकाचे पैसे देत नाही. उड्डाण रद्द झाले तर विमान कंपनीचे लेखी पत्र मागून घ्या, खोली आणि जेवणाच्या पावत्या जपा, आणि मुक्काम लांबून व्हिसाचे ३० दिवस संपत असतील तर शेवटच्या दिवसाची वाट न पाहता त्या पत्रासह आप्रवासन कार्यालयात जा.